शिंत्र्यांची खरेदी

शिंत्रे कोणतीही वस्तू आधी उलटी करून पाहत. तांब्या असो, हातातली बॅटरी असो, की कुणी हौसेनं आणलेलं शिवणयंत्र असो, वस्तूशी ओळख तळाकडून व्हायला हवी असं त्यांचं मत होतं. "वरची बाजू गिऱ्हाइकासाठी केलेली असते," ते म्हणत, "खाली खरं काय ते दिसतं." मुलगी पाहायला गेले तेव्हा पोहे संपवून त्यांनी बशीही उलटी करून पाहिली होती. हे ते स्वतःच सांगत. मुलीच्या वडिलांचा चेहरा पडला, स्थळ हातचं गेलं असं त्यांना वाटलं. प्रत्यक्षात शिंत्र्यांनी फक्त बशी नापास केली होती. मुलगी त्यांना पसंत होती.

मी साताऱ्याकडचा. पन्नासनंतरच्या त्या वर्षांत पिंपरीला नवे कारखाने उभे राहत होते, त्यातल्या एकात मला कारकुनी मिळाली आणि मी चिंचवडला खोली घेतली. खोली बबनरावांची. बबनराव गावातले जुने शेतकरी. कारखान्यांमुळे माणसं येणार हे ओळखून त्यांनी पेरूच्या बागेच्या कडेला ओळीनं खोल्या बांधल्या होत्या आणि विहिरीवरच्या पंपासाठी वीज घेतली तेव्हा प्रत्येक खोलीत एकेक दिवाही दिला होता. माझ्या शेजारच्या दोन खोल्यांत शिंत्रे आणि त्यांच्या पत्नी सुमनवहिनी राहत. ते माझ्याच कारखान्यात होते, पण आवक विभागात. बाहेरून आलेला माल तपासायचा आणि पास किंवा नापास करायचा, हे त्यांचं काम.

मी राहायला आलो त्या दिवशी ते मदतीला आले. सामानात माझा नवा स्टोव्ह होता. त्यांनी तो उचलला आणि उलटा केला. आत रॉकेल होतं. ते माझ्या अंथरुणावर सांडलं. शिंत्र्यांनी शांतपणे स्टोव्ह सरळ ठेवला आणि म्हणाले, "गळतो."

पुढे मला कळलं की पास-नापास हे शब्द ते कारखान्यातून घरी येताना फाटकावर ठेवून येत नसत. चहा पास होई, नवीन पोस्टमन नापास होई. एखाद्या गोष्टीबद्दल निर्णय होत नसेल तर तिला ते फेरतपासणीत ठेवत. बबनरावांची नवी म्हैस बरेच दिवस फेरतपासणीत होती. बबनराव म्हणाले, "आवो, ती दूध देती." शिंत्रे म्हणाले, सध्या देते हे मान्य आहे.

तरीही कारखान्यातलं कुणीही काही घ्यायचं झालं की आधी शिंत्र्यांकडे येई. सायकल, इस्त्री, घड्याळ, बॅटरी, काहीही. शिंत्रे कधीच नाही म्हणत नसत. ते फक्त म्हणत, "थांबा." हा त्यांचा आवडता शब्द. "थांबा. घाई दुकानदाराला असते." मग ते त्या माणसाला समोर बसवून विचारत की ही वस्तू घेऊन तुम्ही नक्की काय करणार. प्रश्न सोपा वाटतो, पण निम्मी माणसं इथेच गळत. एका फिटरला फोटो काढायचा कॅमेरा घ्यायचा होता. कुणाचे फोटो काढणार, असं शिंत्र्यांनी विचारलं. तो विचार करत घरी गेला आणि परत आला नाही.

त्यांचे नियम ठरलेले होते. विकणाऱ्याला काही विचारायचं नाही, दुरुस्त करणाऱ्याला विचारायचं. नवं मॉडेल निघालं की ते दुसऱ्या कुणीतरी घेईपर्यंत वाट बघायची. जाहिरातीत जे मोठ्या अक्षरात असेल ते सोडून द्यायचं. आणि वस्तू दुकानात कशी चालते हे बघून उपयोग नाही, आपल्या घरात आणून, आपल्या विजेवर आणि आपल्या माणसांत ती चालवून बघायची.

इतकं करूनही सगळं नेहमी बरोबर येई असं नाही. आमच्या हिशेबनीसांना पहाटेच्या पाळीसाठी गजराचं घड्याळ हवं होतं. शिंत्र्यांनी दोन महिने चौकशी करून एक घड्याळ पास केलं. घड्याळ वेळ चोख दाखवी, पण गजर वाजत नसे. हिशेबनीस तक्रार घेऊन आले. शिंत्र्यांनी घड्याळ उलटं केलं, सरळ केलं, कानाला लावलं आणि परत दिलं. म्हणाले, "घड्याळ म्हणून पास आहे. गजर फेरतपासणीत ठेवू."

माझं लग्न झालं आणि मालती चिंचवडला आली. ती कोल्हापूरची. तिच्या मामांकडे रेडिओ होता, त्यामुळे संध्याकाळ झाली की तिला करमत नसे. इथे पेरूची बाग, पलीकडे रस्ता, आणि दिवस मावळला की सगळीकडे सामसूम. आपण रेडिओ घेऊ, असं मी तिला म्हणालो. हे मी आमच्या खोलीत, अगदी हळू आवाजात म्हणालो होतो. दुसऱ्या दिवशी डबा खाताना शिंत्रे माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "थांबा."

आम्ही पहिल्यांदा दुकानात गेलो नाही. आधी पिंपरीच्या कॅम्पात गेलो. फाळणीनंतर आलेल्या सिंधी लोकांची ती वस्ती, तिथे रेडिओ दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. त्याच्याकडे उघडे पडलेले रेडिओ रचून ठेवलेले होते. शिंत्र्यांनी त्याला विचारलं की रेडिओ कशानं बिघडतात. मिस्त्री म्हणाला, रेडिओ बिघडत नाहीत, उंदीर आत शिरून तारा खातात. आतमध्ये ऊब असते, त्यांना ते घर वाटतं. परतीच्या वाटेवर शिंत्र्यांनी खिशातली जाहिरातींची कात्रणं काढून पुन्हा वाचली. मग म्हणाले की हा मुद्दा कुठल्याही जाहिरातीत आलेला नाही.

पुण्यात त्यांनी पोंक्ष्यांचं दुकान निवडलं. का, तर ते रस्त्यावरून नीट दिसत नसे. ज्याला गिऱ्हाईक यावं असं वाटतच नाही तो फसवणार तरी कशाला, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. पोंक्षे वर्तमानपत्र वाचत होते. आम्ही आत गेलो तेव्हा त्यांनी काय हवं असं विचारलं नाही. काय काम आहे, असं विचारलं.

शिंत्र्यांनी समोरच्या रेडिओकडे बोट दाखवलं. "याच्यात उंदीर शिरतो का?"

पोंक्षे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "शिकवला तर शिरेल."

विकायची इच्छा नसलेला दुकानदार आणि घ्यायची घाई नसलेलं गिऱ्हाईक, अशी ती गाठ पडली. त्यानंतर आम्ही पोंक्ष्यांकडे किती वेळा गेलो ते मला सांगता येणार नाही. दर रविवारी गाडी धरायची, दुकानात जायचं, एक रेडिओ ऐकायचा आणि परत यायचं. शिंत्रे गाणं लावू देत नसत. गाणं कुठल्याही रेडिओवर बरंच लागतं, बाजारभाव लावा, असं ते सांगत. मग डोळे मिटून गूळ, हळद, शेंगदाणा ऐकत. हळद स्पष्ट ऐकू आली नाही म्हणून एक चांगला रेडिओ नापास झाला. दुसरा वजनाला हलका म्हणून गेला. तिसऱ्याचं बटण फिरवताना जरा जास्तच मऊ लागलं. पोंक्षे प्रत्येक वेळी म्हणत की नका घेऊ, मला काही फरक पडत नाही. पण रविवारी आम्ही पोचायच्या आत त्यांनी एक रेडिओ पुसून, मागची बाजू पुढे करून ठेवलेला असे, हे मी पाहिलं होतं.

शिंत्रे त्या दुकानात फार बोलत. रेडिओबद्दल बोलत, कारखान्यात आलेल्या बाटल्यांच्या बुचांबद्दल बोलत, वाटेत भेटलेल्या माणसांबद्दल बोलत. कधी कधी दुपार होऊन जाई. नवीन लग्न झालेला मी घड्याळाकडे बघत बसे आणि हे एवढं बोलतात कसे याचं आश्चर्य करी. कारण घरी ते बोलत नसत. आमच्या दोघांच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती, आणि पलीकडून कधी शब्द ऐकू येत नसे. भांड्यांचा आवाज येई, दार लावल्याचा येई, पण दोन माणसं बोलताहेत असा आवाज येत नसे. खोल्यांमधल्या बायकांचं म्हणणं होतं की सुमनवहिनींना गर्व आहे. हाक मारली तरी वळून बघत नाहीत.

शेवटी एक रेडिओ शिंत्र्यांना दुकानापुरता पास वाटला. मागे बारीक जाळी होती, हळद ऐकू येत होती, वजनही भरदार होतं. आता घरी लावून बघायचा, असं ते म्हणाले. पोंक्षे म्हणाले, दुकानातली वस्तू मी पैसे घेतल्याशिवाय कुणाच्या घरी देत नाही. शिंत्रे म्हणाले, ऐकल्याशिवाय आम्ही पैसे देत नाही. पोंक्ष्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. मग पोंक्षे म्हणाले की मी स्वतः घेऊन येतो, पण जेवायला हवं.

ठरल्या रविवारी पोंक्षे चिंचवड स्टेशनवर उतरले. रेडिओ चादरीत गुंडाळून त्यांनी तान्ह्या मुलासारखा छातीशी धरला होता. बबनरावांनी बैलगाडी पाठवली होती. गाडी येईपर्यंत आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. बाया, पोरं, पाळी संपवून आलेले दोन फिटर, दारात बबनराव. माझ्या खोलीत रेडिओ येतोय याचा आनंद माझ्यापेक्षा इतरांनाच जास्त झालेला होता. मालतीनं स्टुलावर स्वतः विणलेला रुमाल अंथरला होता. शिंत्र्यांनी तो काढायला लावला. तळ झाकला जातो, म्हणाले.

रेडिओ सुरू झाला. शिंत्र्यांनी बबनरावांना पंप चालू करायला सांगितलं. पंप सुरू होताच दिवा मंद झाला आणि रेडिओतला माणूस झोपेत बोलल्यासारखा बोलू लागला. शिंत्र्यांनी पोंक्ष्यांकडे पाहिलं. पोंक्षे म्हणाले, "पंप बदला."

बबनराव दारातून म्हणाले, "पंपाला काय झालंय? पानी तर त्योच दितोय. ह्यो तुमचा बाबा दितो व्हय?"

सगळे हसले. पंप बंद झाला. मग शिंत्र्यांनी शेवटची तपासणी सांगितली. आवाज पूर्ण मोठा करून बघायचा. मोठ्या आवाजात फाटतो का ते कळतं. पोंक्षे एव्हाना चिडले होते. स्टेशन नीट लागत नव्हतं, खरखर येत होती. त्यांनी एका हातानं बटण पूर्ण फिरवलं आणि दुसऱ्या हातानं स्टेशन शोधू लागले. नेमकं त्याच क्षणी स्टेशन लागलं.

कुठलं वाद्य होतं ते आजही मला सांगता येणार नाही. खोलीत काहीतरी फुटल्यासारखं झालं. एक लहान मूल किंचाळून रडू लागलं, फिटर भिंतीला जाऊन चिकटले, बाहेर बबनरावांचे बैल दावं ओढून बागेत शिरले. मी स्वतः उभा होतो तो खाली बसलो.

सुमनवहिनी रेडिओच्या अगदी जवळ, त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. किटलीतून कपांत चहा ओतत होत्या. किटलीतून पडणारी चहाची धार हललीसुद्धा नाही. त्यांनी एक कप भरला, दुसरा भरायला घेतला, आणि मग मान वर करून सगळ्यांचे चेहरे पाहिले. काहीतरी झालंय हे त्यांच्या लक्षात आलं. काय झालंय ते कळेना, म्हणून त्या थोडंसं हसल्या.

शिंत्रे गर्दीतून वाट काढत गेले, त्यांच्या कोपराला हात लावला आणि हातातली किटली घेतली. पोंक्ष्यांनी आवाज कमी केला. बहुतेकांनी पाहिलंच नव्हतं, त्यांचं लक्ष बाहेर, बैलांकडे होतं. मी पाहिलं, मालतीनं पाहिलं, आणि पोंक्ष्यांनी पाहिलं.

"पास," शिंत्रे म्हणाले.

संध्याकाळी आम्ही पोंक्ष्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. पोंक्षे बाकावर बसले होते, चादर घडी करून मांडीवर घेतली होती. त्यांनी विचारलं की एवढी पारख असलेल्या माणसाच्या स्वतःच्या घरात कुठला रेडिओ आहे. शिंत्रे म्हणाले, नाही. पोंक्षे म्हणाले, का?

"दोघांना ऐकू येईल असा अजून मिळाला नाही," शिंत्रे म्हणाले.

पोंक्ष्यांनी मांडीवरची चादर उलगडून पुन्हा घडी केली. गाडी आली तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना नमस्कार केला. पुण्याच्या दुकानदारानं गिऱ्हाइकाला नमस्कार केलेला मी तेवढाच पाहिला.

मालती दुसऱ्या दिवसापासून दुपारी शेजारी जाऊ लागली. ती वहिनींच्या समोर बसून, तोंड त्यांच्याकडे करून, सावकाश बोले. हळूहळू तिला सगळं कळलं. काही वर्षांपूर्वी वहिनींना विषमज्वर झाला होता. त्यातून जीव वाचला, पण कान गेले. आधी एक, मग दुसरा. वहिनी म्हणाल्या की लग्न झालं तेव्हा हे इतके बोलायचे की स्वयंपाक करताना माझं मीठ चुकायचं. कारखान्यात कोणता माल आला, कोण काय म्हणालं, सगळं घरी येऊन सांगायचे. कान गेल्यावर आधी मोठ्यानं बोलून पाहिलं. पण ओरडून बोलायचं म्हणजे ते ओळीतल्या सगळ्या खोल्यांना ऐकू जाणार.

"सगळ्यांना ओरडून सांगावं असं नवरा-बायकोत काय असतं?" वहिनी म्हणाल्या. मग ते खुणा करायला लागले. जेवायचं, झोपायचं, बाहेर जायचं एवढ्याच खुणा होतात. बुचांच्या खुणा कशा करणार? हळूहळू तेही बंद झालं.

मग मला पोंक्ष्यांच्या दुकानातल्या त्या लांबलेल्या दुपारी आठवल्या. शिंत्रे रेडिओ बघायला जात होते, यात खोटं काही नव्हतं. पण त्यांच्या पोटात साठलेलं सगळं बोलणं त्या काउंटरवर उतरत होतं.

पुढे एरियलची तार घ्यायला आम्ही पोंक्ष्यांकडे गेलो. शिंत्र्यांनी तार उलगडून दिव्याखाली धरली. पोंक्षे वर्तमानपत्राची घडी घालून म्हणाले की मुंबईला, फोर्टात, एका दुकानात कानाचं यंत्र आलं आहे. विलायती आहे, सेलवर चालतं, डबी अंगावर ठेवायची आणि तार कानाला लावायची. आपण स्वतः पाहिलेलं नाही, पण ऐकलं आहे. शिंत्रे तारेकडे बघत राहिले. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. तार घेतली, न मोजता खिशात टाकली आणि दुकानाबाहेर पडले.

लगेच त्यांनी रजा टाकली आणि मला विचारलं की मुंबईला येता का. मी म्हटलं, येतो. मनात मी पुढच्या सहा महिन्यांच्या रजेचा अंदाज बांधला. गजराच्या घड्याळाला दोन महिने लागले होते, रेडिओला त्याहून बरेच. कानात घालायच्या यंत्राला किती लागणार हे उघड होतं.

दुकान मोठं होतं, काचेची कपाटं होती, माणूस टाय लावलेला होता. त्यानं मखमलीच्या पेटीतून यंत्र काढलं. काड्यापेटीहून थोडी मोठी डबी, एक लांब पिळाची तार, टोकाला कानात बसेल असं बोंड. तो इंग्रजीमिश्रित हिंदीत सांगू लागला. शिंत्रे ऐकत होते. त्यांनी ते यंत्र हातातसुद्धा घेतलं नाही.

"बांधून द्या," ते म्हणाले.

मला राहवलं नाही. त्यांच्याबरोबर इतके रविवार काढले होते, काही शिकलो होतो. मी त्या माणसाला विचारलं की हे बिघडलं तर दुरुस्त कोण करतं, सेल पुण्यात मिळतात का, घरी नेऊन आधी लावून बघता येईल का. तो माणूस गोंधळला. शिंत्र्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

"मोहिते, आज नको," ते हळूच म्हणाले. "संध्याकाळपर्यंत घरी पोचायचंय."

परतीच्या गाडीत ती पेटी त्यांच्या मांडीवर होती. घाटात गाडी हळू झाली तेव्हा त्यांनी मला विचारलं की बायकोशी बोलताना मी रोज काय बोलतो. मी म्हटलं, तसं विशेष काही नाही. ते म्हणाले, हो, पण सुरुवात कशी करता?

आम्ही पोचलो तेव्हा उजेड होता. वहिनी ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. मालती शेजारी होती. शिंत्र्यांनी पेटी उघडली, डबी वहिनींच्या हातात दिली, तार मोकळी केली आणि दुकानातल्या माणसानं सांगितलं होतं तसं बोंड त्यांच्या कानात बसवलं. बटण फिरवल्यावर यंत्रातून बारीक शिट्टी आली. ती आम्हा सगळ्यांना ऐकू आली. शिंत्रे वहिनींच्या समोर उकिडवे बसले.

मग साध्या आवाजात, आपण घरात बोलतो तसं, ते म्हणाले, "सुमन, आज मुंबईला गेलो होतो."

वहिनी त्यांच्याकडे बघत होत्या. "हो का," त्या म्हणाल्या. "मग जेवलात का तिकडे?"

शिंत्रे उठले आणि बागेत गेले. पंपाजवळ उभे राहून बराच वेळ पेरूच्या झाडांकडे बघत होते. बबनरावांना वाटलं, पेरूत काही खोट सापडली. ते विचारायलाही निघाले होते, मी अडवलं.

त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज येऊ लागला. संध्याकाळी शिंत्रे घरी आले की तो सुरू होई आणि दिवा मालवेपर्यंत चाले. शब्द कळत नसत, ते हळूच बोलत. पण सूर कळे. कारखान्यातला माल, फाटकावरचा पहारेकरी, गाडीतली माणसं, कित्येक वर्षांचं साठलेलं सगळं ते काढत असावेत. आम्ही आमचा रेडिओ बारीक लावायचो. आता शिंत्रे खरेदीला कुणाबरोबर फारसे जात नसत. कुणी विचारलं तर म्हणत, घ्या की, त्यात काय बघायचं. नव्या माणसांना हे सल्ला म्हणून पुरे, पण जुनी माणसं बुचकळ्यात पडली. पोंक्ष्यांनी मला एकदा विचारलं की ते गृहस्थ आजारी आहेत का. मी म्हटलं, बरे आहेत. पोंक्षे म्हणाले, मग ठीक. आणि पुसून ठेवलेला रेडिओ त्यांनी उचलून परत फळीवर ठेवला.

वहिनी डबी पदराआड कमरेला खोचत, तार केसांखालून घेत. दिवसभर लावलेली असे. मालतीच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. वहिनींच्या पाठीमागून हाक मारली तर त्या अजूनही वळत नसत. तिनं काही दिवस वाट पाहिली आणि एका दुपारी, दोघीच असताना, विचारलं. मालतीनं मला ते रात्री सांगितलं.

वहिनी म्हणाल्या की ऐकू काही येत नाही. नुसती घरघर येते, दळण चालू असल्यासारखी, आणि डोकं दुखतं. मालतीनं विचारलं, मग भावजींना सांगत का नाही. एवढी मोठी वस्तू, दुकानदार परत तरी घेईल, बदलून तरी देईल.

वहिनींनी कानातलं बोंड जरा नीट बसवलं.

"सांगितलं तर ते परत गप्प होतील," त्या म्हणाल्या.

मालतीनं हे आपल्या दोघांतच ठेवायचं असं मला बजावलं. मी ठेवलं. कारखान्यात रोज शिंत्र्यांशेजारी बसून डबा खाताना मला कधी कधी ओठांवर येई, पण मी गिळत असे. यंत्र कसं आहे असं मी त्यांना एकदाही विचारलं नाही, आणि त्यांनीही आपणहून कधी ते पास म्हटलं नाही की नापास.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी पवनेवरून परत येत होतो. संध्याकाळची उन्हं होती. नदीकडे उतरणाऱ्या वाटेवर समोरून शिंत्रे आणि वहिनी येत होते. वाट दगडांची. वहिनी सरळ चालत होत्या. शिंत्रे त्यांच्या शेजारी नव्हते, अर्धं पाऊल पुढे होते, आणि सबंध अंग मागे वळवून, तोंड त्यांच्याकडे करून, आडवे आडवे चालत होते. पायाखाली बघत नव्हते. एकेक शब्द सावकाश, तोंड नीट उघडून बोलत होते. आवाज मात्र जवळजवळ नव्हताच. दहा पावलांवर उभ्या असलेल्या मला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

बबनराव माझ्याबरोबर होते. ते थांबले. "हे सायब असं खेकड्यावानी का चालत्यात?" त्यांनी विचारलं.

शिंत्रे एका दगडाला अडखळले. वहिनींनी त्यांच्या ओठांवरची नजर न काढता त्यांचा दंड धरला, त्यांना सरळ केलं, आणि शिंत्रे पुढचं सांगू लागले.